"ठराव क्रमांक काय?": सोसायटीत ११ वर्षं राहून दिलेला अभिप्राय

माझ्या पुतणीला डोंबिवलीतच एक रीसेलचा फ्लॅट पसंत पडला आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, ओट्यासमोर मोठी खिडकी, सकाळचं ऊन थेट हॉलमध्ये. परवा फोनवर म्हणाली, "काकू, घर आवडलंय. फक्त ते सोसायटीचं मला कळत नाही. आम्ही रत्नागिरीला आपल्या घरात वाढलो. अंगणात काय करायचं ते तिथे कोणाला विचारावं लागत नाही. तुझी सोसायटी कशी आहे?" अर्धा तास बोलले तरी निम्मंसुद्धा सांगून झालं नाही. म्हणून लिहायला बसले. तिच्यासारखे घर शोधणारे आणखीही कोणी असतील, त्यांनाही उपयोग होईल.

घर घेताना आपण फरशी ठोकून बघतो, नळ सोडून बघतो, पावसाळ्यात गळतं का ते शेजाऱ्यांना विचारतो. सोसायटी मात्र कोणी तपासून घेत नाही. फ्लॅटचे पैसे कधीतरी फिटतात, सोसायटीचे राहू तोवर दर महिन्याला जातात. त्या पैशांत काय मिळतं, काय मिळत नाही, तेवढं सांगते. माझे गुण पाचपैकी साडेतीन.

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला. १९९८ चं बांधकाम, दोन विंग, सात मजले, ५६ फ्लॅट. त्यात वन आरके आहेत, वन बीएचके आहेत, आमच्यासारखे टू बीएचके आहेत. २०१४ मध्ये आम्ही इथे आलो. त्याआधी गिरगावात चाळीत दोन खोल्या होत्या. चाळीत नियम कुठेही लिहिलेले नव्हते आणि तरी ते सगळ्यांना पाठ होते. नवी सून म्हणून गेले तेव्हा ते समजून घ्यायला मला चार वर्षं लागली. कोणाच्या बादलीनंतर आपली बादली, गॅलरीत किती वाजेपर्यंत पापड वाळवायचे, कोणाच्या दारासमोर थांबून बोलायचं नाही. चुकलं की कोणी रागावायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. ते गप्प बसणं फार जड असायचं.

म्हणून सोसायटीत आल्यावर उपविधींचं पुस्तक हातात पडलं तेव्हा मला खराखुरा आनंद झाला होता. मी ३१ वर्षं एका सहकारी बँकेत हिशेब खात्यात काढली, कलमं वाचायची सवय होती. दोन रात्रींत ते पुस्तक वाचून काढलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, त्याखाली आदर्श उपविधी, आणि आपल्या संस्थेनं नोंदवून घेतलेले तेच आपले नियम. पाणी कोणी किती भरायचं, गळती कोणी दुरुस्त करायची, सभा कधी घ्यायची, दप्तर कोणी बघायचं, सगळं लिहिलेलं. भाग दाखल्यावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, माझं नाव पहिलं आहे, कारण घरात माझा प्रॉव्हिडंट फंड जास्त गेला. नाव पहिलं म्हणजे सभेत मत माझं. कुठल्याही घरात माझी जागा अशी कागदावर लिहिलेली मी पहिल्यांदा बघत होते.

पण सुरुवातच वाईट झाली. फ्लॅट आमच्या नावावर करताना तेव्हाच्या कमिटीनं ७५ हजार रुपये मागितले. त्याला नाव होतं बिल्डिंग फंड, आणि स्पष्टीकरण होतं "सगळेच देतात." महानगरपालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य, म्हणजे ट्रान्सफर प्रीमियम, जास्तीत जास्त २५ हजार घेता येतं. ऑगस्ट २००१ च्या सरकारी परिपत्रकात ते स्पष्ट आहे, आणि देणगी, निधी किंवा दुसऱ्या कुठल्याही नावाखाली त्याहून जास्त मागता येत नाही. त्याखेरीज हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १०० रुपये. मी तेवढेच भरले आणि सोबत पत्र जोडलं. मग आमचा भाग दाखला सात महिने मिळाला नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करायची माझी तयारी होती. आमचे हे म्हणाले, "ज्यांना रोज लिफ्टमध्ये भेटायचंय त्यांच्याशी पहिल्याच वर्षी नको." मी थांबले. ते अजून मनाला लागून आहे, कारण आमच्यानंतर आलेल्या दोन कुटुंबांनी ७५ हजार भरले. तक्रार केली असती तर त्यांचे वाचले असते. अर्धा गुण इथेच गेला.

आता बिलाकडे येते. आमचं या महिन्याचं बिल ३,३१० रुपये आहे: सेवा शुल्क १,४५०, पाणी ५२०, दुरुस्ती निधी ७८०, सिंकिंग फंड २६०, लिफ्ट २००, स्कूटरचं पार्किंग १००. घरपट्टी प्रत्येकाची वेगळी येते. महिन्याचं बिल साडेसात हजारांच्या आत असल्यामुळे जीएसटी नाही. यातले दोन आकडे मी दर वर्षी ताडून बघते. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का, म्हणजे दुसरा आकडा पहिल्याच्या तिप्पट यायला हवा. २६० तिरिक ७८०. बरोबर. कुठल्याही सोसायटीचं बिल हातात आलं की आधी हे बघावं. हे दोन निधी बिलात नसतील तर बिल कमी दिसतं आणि बघणाऱ्याला बरं वाटतं, पण मोठी दुरुस्ती निघाली की एकदम लाखाची मागणी दारात येते. आमच्याकडे २०२३ च्या संरचनात्मक तपासणीत खालच्या खांबांचं काम निघालं. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते, आणि ती आमच्याकडे वेळेवर होते. खर्च १४ लाख. निधीत ९ लाख होते, म्हणून प्रत्येकाला वर काढून द्यावे लागले ते आकारमानानुसार ७ ते ११ हजार. निविदा तीन आल्या होत्या आणि त्या सर्वांसमोर फोडल्या. या कामाला मी पूर्ण गुण देते.

सेवा शुल्क मात्र सगळ्यांना सारखं, आणि यावर दर वर्षी वाद होतो. तळमजल्यावरचे आजोबा वन आरकेत राहतात. त्यांचं म्हणणं, माझी खोली एवढीशी, मी टू बीएचकेवाल्यांएवढे का भरू? मी त्यांच्या शेजारी बसून उपविधी वाचून दाखवला. वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे, कार्यालयाचा खर्च हा फ्लॅटगणिक समान, कारण वॉचमन गेटवर उभा राहतो तो सगळ्यांसाठी सारखाच. मुंबई उच्च न्यायालयानंही तेच धरलं आहे. आजोबांना ते पटलं. मग त्यांनी विचारलं, "मग पाणी का समान?" तो प्रश्न अगदी रास्त होता. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर आणि आकारावर लावायचा असतो. आजोबांकडे तीन नळ, आमच्याकडे सात, आणि २०१७ पर्यंत आम्ही दोघं सारखंच भरत होतो. मे महिन्यात टँकर मागवावे लागतात तेव्हा तर हा फरक फारच जाणवतो. विषय सभेत नेला, नळ मोजले, बिलं बदलली. आमचं १४० रुपयांनी वाढलं, आजोबांचं तेवढंच उतरलं. काही टू बीएचकेवाले माझ्याशी दोन-तीन महिने नीट बोलत नव्हते.

पुतणीला एक वेगळं सांगायचं आहे. ती बघते आहे ती सहकारी सोसायटी आहे की १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट, ते आधी विचारावं. दाराबाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. अपार्टमेंटमध्ये खर्च आणि मत दोन्ही बहुतेक वेळा अविभक्त हिश्श्यावर, म्हणजे इमारतीत ज्याचा जेवढा वाटा त्यावर, चालतं. घर लहान तर भरणा कमी, आणि आवाजही त्याच मानानं. सोसायटीत एका सभासदाला एक मत, खोली केवढीही असो. मला हे दुसरं जास्त जवळचं वाटतं.

उशिरा भरलं तर व्याज लागतं. २०१९ मध्ये आमच्या ह्यांची बायपास झाली तेव्हा सहा महिन्यांची बिलं राहिली. तेव्हा बिल २,६०० होतं. आमच्या उपविधीप्रमाणे व्याज जास्तीत जास्त वर्षाला २१ टक्के आणि तेही सरळव्याज. बिलात ८०१ रुपये लावून आले. रात्री दवाखान्यातून आल्यावर मी वही घेऊन बसले. महिन्याला २ टक्के धरून चक्रवाढ लावली तरच तो आकडा येत होता. नियमानं व्हायला हवे होते ६८२ रुपये ५० पैसे. फरक ११८ रुपये ५० पैशांचा, आणि त्या वेळी आमच्या घरातून लाखांनी पैसे जात होते. तरी मी लिहून दिलं, कारण हीच पद्धत सगळ्या थकबाकीदारांना लावली असणार हे उघड होतं. तशी ती आणखी तीन घरांना लावलेली निघाली. कोषाध्यक्षांनी चौघांचेही पैसे वळते केले आणि स्वतः घरी येऊन सांगून गेले. हिशेबाच्या चुका कुठेही होतात. ज्या सोसायटीत चूक कबूल करून पैसे परत मिळतात, तिथे राहायला हरकत नाही.

आता गळती. सोसायटीच्या नियमांचं खरं मोल मला यात कळलं.

२०२१ चा एप्रिल. बेडरूममधल्या लाकडी कपाटामागून कुबट वास यायला लागला. कपाट सरकवलं तर भिंत वरपासून खालपर्यंत ओली, आणि आतल्या खणात माझ्या आईच्या नारळी काठाच्या पैठणीवर बुरशीचे राखाडी ठिपके. त्या भिंतीच्या वर ४०४ चं न्हाणीघर. ४०४ वाले नाशिकला राहतात, फ्लॅट मुलासाठी ठेवलेला, मुलगा शनिवार-रविवार येणारा. त्यांना फोन केला तर म्हणाले, "बाहेरच्या भिंतीतून येत असेल, सोसायटीला सांगा." ते उगाच टाळत होते असं मला वाटत नाही. आपल्या घरातलं पाणी दुसऱ्याच्या भिंतीत जातं हे कोणालाच चटकन पटत नाही. आणि प्रश्न पैशांचा होताच. पावसाचं पाणी बाहेरून किंवा गच्चीतून मुरत असेल तर दुरुस्ती सोसायटीची. न्हाणीघर, संडास, सिंक यांतून गळत असेल तर ज्याचा फ्लॅट त्याची. उपविधीत ही रेघ स्वच्छ आखलेली आहे. भांडण फक्त एवढ्यावरच उरतं, की पाणी कुठलं?

सेक्रेटरींनी ते ज्या पद्धतीनं शोधलं ते सांगण्यासारखं आहे. नाशिकवाल्यांना लेखी कळवून, मुलगा आला त्या शनिवारी ते प्लंबरला घेऊन वर गेले. आधी गच्चीवरून ४०४ चा कॉक दोन दिवस बंद ठेवला. आमच्या भिंतीवरचा ओघळ थांबला. मग कॉक सोडला आणि नहाणीच्या जाळीत रंगाचं पाणी ओतलं. सोमवारी सकाळी आमच्या भिंतीवर फिकट गुलाबी डाग उमटला. सेक्रेटरींनी त्याचा फोटो काढला, दोन ओळींचा पाहणी अहवाल केला आणि नाशिकला नोटीस पाठवली. नोटिशीत एकही कडू शब्द नव्हता. काय दिसलं, कुठल्या उपविधीखाली दुरुस्ती कोणाची, किती दिवसांत, एवढंच. तीन आठवड्यांत त्यांनी न्हाणीघर उकरून वॉटरप्रूफिंग केलं, ३८ हजार खर्च आला, आमच्या भिंतीचा रंगही त्यांनीच दिला.

गिरगावच्या चाळीत अशाच एका ओल्या भिंतीवरून दोन घरं नऊ वर्षं बोलत नव्हती. एका घरातलं लग्न दुसऱ्या घरानं दार लावून घेऊन ऐकलं. इथे नाशिकवाले आजही आले की आमच्याकडे चहाला येतात, कारण त्यांना दुरुस्ती करायला मी लावलेली नाही, नियमानं लावलेली आहे. पैठणी वाचली. एका ठिकाणी काठ विरला आहे, तो मी आतल्या घडीत घेते.

आणि हे सेक्रेटरी पगारी नाहीत. नोकरी करून, लोकलचा रोजचा धक्का खाऊन, रात्री साडेनऊला कार्यालयाचं कुलूप उघडतात. आमच्याकडे अ‍ॅप आहे, पाहुण्यांची नोंद त्यावर होते, बिल त्यावर येतं, ते ठीक चालतं. पण चांगली सोसायटी अ‍ॅपनं होत नाही. कॉक बंद करायला गच्चीवर कोण जातं, यावर सगळं असतं.

याच सेक्रेटरींशी माझा सर्वांत मोठा वाद झाला. २०२२ च्या मे अखेरीला नोटीस बोर्डावर सोसायटीच्या लेटरहेडवर कागद लागला: घरकाम करणाऱ्या महिला, डिलिव्हरीवाले व दूधवाले यांनी लिफ्टचा वापर करू नये, आदेशावरून. मी तो वाचला नव्हता. मावशी आल्या आणि दारातच स्टुलावर बसल्या. त्या कधी अशा बसत नाहीत. म्हणाल्या, "वैनी, आमाला लिफ्ट बंद केलीय." त्यांच्याकडे आमच्या इमारतीत पाच घरं आहेत, त्यातलं एक सातव्या मजल्यावर. दोन्ही गुडघे दुखतात. सातवरून तीनवर, तीनवरून पाचवर, असं दिवसाला किती जिने होतात ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं आणि भांडी घासायला गेल्या.

मी खाली कार्यालयात गेले आणि विचारलं, "याचा ठराव क्रमांक काय?"

"वहिनी, कमिटीत बोलणं झालंय."

"बोलणं झालंय की ठराव झालाय?"

उत्तर आलं नाही. मी लेखी अर्ज केला, नकलेचं शुल्क भरलं आणि कमिटीच्या तीन महिन्यांच्या इतिवृत्ताची प्रत मागितली. सभासदाला तो अधिकार आहे. नऊ दिवसांनी प्रत मिळाली. त्यात लिफ्टच्या देखभालीचा करार होता, टाकी धुण्याचा विषय होता, लिफ्ट कोणी वापरायची यावर एक अक्षर नव्हतं. कोणीतरी तक्रार केली, कोणीतरी कागद टाइप केला, कोणीतरी टाचण्या लावल्या, आणि ५६ घरांनी तो नियम समजून पाळायला सुरुवात केली. माझंही चुकलं होतं. आठ वर्षांत मी स्वतः असे किती कागद नुसते मान हलवून पाळले असतील, ते त्या दिवशी लक्षात आलं.

मी पत्र देऊन विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावला. तोवरचे साडेतीन महिने रोज सकाळी ८.१० ला मी खाली उतरायचे आणि मावशींना माझ्याबरोबर लिफ्टनं सातव्या मजल्यावर सोडायचे. वॉचमनशी वाद घातला नाही. त्याची नोकरी होती. तिसऱ्या आठवड्यापासून पाचव्या मजल्यावरच्या एक वहिनीही त्यांच्या बाईंसाठी खाली यायला लागल्या. सकाळी आम्ही चौघी लिफ्टमध्ये असायचो.

सभेत सातव्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, लिफ्ट घाण होते आणि विजेचं बिल वाढतं. मी हिशेबाची वही मागवून लिफ्टच्या विजेचे आकडे वाचून दाखवले. नोटिशीच्या आधी एप्रिलमध्ये ६,१८० रुपये, नंतर जूनमध्ये ६,२४०. काहीही कमी झालेलं नव्हतं. मग मी एवढंच म्हटलं, की लिफ्टचे २०० रुपये मी भरते ते माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येकासाठी भरते, आणि रोज सकाळी सर्वांत आधी माझ्या घरी येतात त्या मावशी. हात वर करून मतदान झालं. कागद काढायच्या बाजूनं २३, ठेवायच्या बाजूनं ६. सेक्रेटरींनी सभा संपल्यावर स्वतः खाली जाऊन तो काढला. त्या दिवसापासून आमच्या बोर्डावरच्या प्रत्येक सूचनेखाली ठराव क्रमांक आणि तारीख असते. ही पद्धत त्यांनीच सुरू केली, मी सुचवली नव्हती. जिथे ठराव नाही तिथे ते "विनंती" असं लिहितात. विनंतीही लोक पाळतात, असं दिसून आलं आहे.

तरी आमचा बोर्ड अजून पुरता स्वच्छ नाही. भाड्यानं फ्लॅट देताना सोसायटीची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवायचं असतं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे आमच्याकडे १४५ रुपये. आणि आईवडील, मुलं, भावंडं असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर तेही नाही. इतकं साधं आहे. तरी २०१८ मध्ये ६०२ मध्ये दोन नर्स मुली यायच्या होत्या तेव्हा कमिटीतले एक सदस्य गेटवरच म्हणाले, "एकट्या मुलींना आम्ही ठेवत नाही." ठराव तेव्हाही नव्हता. ६०२ च्या मालकांनी जोर धरला म्हणून त्या आल्या आणि तीन वर्षं राहिल्या. आमच्या ह्यांच्या बायपासनंतर त्यातली एक ड्युटीवरून परतताना रोज रात्री बीपी बघून जायची. पण भाडेकरू म्हटलं की तोच सूर आजही निघतो. हे ज्याला भोगावं लागतं त्याला सभेत मतही नसतं. यासाठी मी आणखी अर्धा गुण कापते.

उरलेला अर्धा इतिवृत्ताच्या उशिरासाठी. सप्टेंबरच्या सभेचं इतिवृत्त फेब्रुवारीत हातात येतं. तोवर कोण काय बोललं होतं यावर पुन्हा वाद. दरम्यान व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कोणीतरी विषय टाकतं, ३१ अंगठे येतात आणि लोक समजतात निर्णय झाला. तो निर्णय नसतो. ग्रुपवर नसलेल्या आजोबांना तर पत्ताही नसतो.

सभेचं थोडं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, सूचना १४ दिवस आधी. गणपूर्ती (कोरम) दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यातली कमी असेल ती, म्हणजे आम्हाला २०. साडेदहाची वेळ असते, बाराजण आलेले असतात, अर्ध्या तासानं तिथेच तहकूब सभा सुरू होते आणि तिला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे बाराजण ५६ घरांचा वर्षाचा खर्च ठरवतात. पुतणीला माझं सांगणं आहे, की वर्षातला तो एक रविवार तिनं कशासाठीही सोडू नये.

पार्किंगबद्दल फार लिहीत नाही. जागा गाड्यांपेक्षा कमी, त्यामुळे दर वर्षी चिठ्ठ्या टाकतात, आणि चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढतात. फ्लॅट विकणारा "पार्किंग आमच्या मालकीचं आहे" म्हणाला तर त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. खांबांमधली आणि उघडी पार्किंगची जागा तेव्हाच्या कायद्याखाली बिल्डरला वेगळी विकता येत नाही, हे मुंबईतल्याच एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ठरवलं आहे. जमिनीचं मात्र नक्की विचारावं. आमच्या जमिनीचं मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरनं करून दिलं नाही तरी सरकारी आदेशानं जमीन सोसायटीच्या नावावर होणं, २०१६ मध्ये झालं आणि सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव लागलं. ते झालेलं नसेल तर इमारत आपली आणि खालची जमीन बिल्डरची, असं चालू राहतं, आणि पुनर्विकासाच्या वेळी त्याचा त्रास होतो.

फ्लॅट नक्की करण्याआधी पुतणीनं त्या सोसायटीच्या कार्यालयात जाऊन मागच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त आणि लेखापरीक्षण अहवाल वाचायला मागावा. अजून सभासद नसल्यामुळे विकणाऱ्याला सोबत न्यावं. देतात का, किती दिवसांत देतात आणि देताना तोंड कसं करतात, यावरून पुढच्या २० वर्षांचा अंदाज येतो. मग बोर्डापाशी पाच मिनिटं उभं राहून तिथले कागद वाचावेत.

नियम माझ्या विरुद्धही गेलेले आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत पाचव्या मजल्यावरून एक कुंडी खाली उभ्या स्कूटरवर पडली. सीट फाटली, माणूस थोडक्यात वाचला. रीतसर विशेष सभा बोलावली, चर्चा झाली, आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये बाहेरच्या बाजूला कुंड्या ठेवायच्या नाहीत असा ठराव क्रमांक ७ झाला. ३१ विरुद्ध १४. मी १४ मध्ये होते. पुढच्याच रविवारी मी माझ्या कुंड्या आत घेतल्या: तुळस, कढीपत्ता, गवती चहा आणि मोठा लाल जास्वंद. तुळस ओट्याच्या खिडकीशी तगली. जास्वंदाला आत ऊन पुरेना, कळ्या धरून गळायला लागल्या, शेवटी तो जवळच्या शाळेत देऊन आले. तिथे तो चांगला वाढला आहे. घरातली ती खिडकी मात्र तेव्हापासून ओकीबोकी वाटते. ठराव चुकीचा आहे असं मला आजही वाटतं, कारण कुंडी पडली ती ग्रिलला तळाशी जाळी नव्हती म्हणून.

यंदाच्या सभेची सूचना काल दाराखालून आली. २१ सप्टेंबर, रविवार, सकाळी साडेदहा. विषय क्रमांक ६ माझा आहे: ठराव क्रमांक ७ चा फेरविचार, तळाला वेल्डिंगची जाळी आणि पुढे आडवी पट्टी बसवलेल्या ग्रिलमध्येच कुंड्यांना परवानगी, जाळीची पाहणी सेक्रेटरींनी करावी, खर्च ज्याचा त्यानं. वेल्डिंगवाल्याकडून खिडकीमागे १,८०० रुपयांचा दर लेखी आणून जोडला आहे. पाठिंब्याच्या सह्या आतापर्यंत ११ झाल्या आहेत. पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांची आज सकाळी केली. आजोबा म्हणालेत, त्यांच्याकडे खिडकीला ऊन येतच नाही, पण सही करतो.